मिनिटभर आहे अजून

ओड्रुन सकाळी जमिनीवर उतरते.
उतरतेच म्हणायचं: आधी खुर्चीचा हात,
मग एक गुडघा, मग बराच वेळ काहीच नाही,
मग दुसरा.

व्हार्डोत जानेवारीची सकाळ नुसती घड्याळात असते.
खिडकीत बंदराचा दिवा, काळं पाणी.

छातीखाली नवऱ्याचं जुनं लाईफ जॅकेट,
अजून डिझेलचा वास धरून बसलेलं.
उशाशी अंडी उकडायचं घड्याळ. पाच मिनिटं.

ताणायचं नाही, शिकवणारी म्हणाली होती,
नुसतं थांबायचं.
चाळीस वर्षं कॉड चिरणाऱ्या हातांना
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
तिथे मजुरी किलोवर.
इथे श्वास येतो, जातो,
कुणी तोलत नाही.

तिसऱ्या मिनिटाला घोटे कुरकुरतात.
मग आठवतं, तूर्गेरची बरणी परत द्यायचीय.
आठवू दे.

आणि नेमकी दारावर थाप.
तोच असणार, बुटांचा बर्फ आपटत.
जन्मभर पहिल्या थापेला उठली ती:
नवरा, पोरं, कारखान्याचा भोंगा.

आज कपाळ जॅकेटवर टेकलेलंच राहतं.
"थांब जरा," ती त्या नारिंगी कापडालाच सांगते.

बाहेर तूर्गेर खोकतो.
घड्याळात अजून मिनिटभर आहे.