नावेवरचं नाव

एकोणचाळीस वर्षं नावांवर नावं रंगवतोय.
ग्वामा नदीच्या काठी, लाकडाच्या वखारीमागं,
चिखलात फळ्या टाकून.
'देवाची मर्जी'. 'मारिनेतची आसवं'.
एकानं कर्ज फिटल्यावर लिहून घेतलं, 'आता विचारा'.
अक्षराला आधी पोट काढायचं, मग सावली,
सावलीला निळी कड,
शेवटी शेपटी. ती ज्याची त्याची.
माझी डावीकडं वळते.
तीन नद्यांवर लोक लांबूनच ओळखतात,
ही ओदिवालच्या हातची.

गावाला मात्र कोण ओळखत होतं?
बेलेमचा म्हटलं की दक्षिणेतले साहेब विचारायचे,
तिकडं मगरी रस्त्यावर येतात ना?
थोरली, ज्युसिलेने, लिस्बनला हॉटेलात चादरी बदलते.
तिथंही एक बेलेम आहे, नदीकाठी मनोरा असलेलं.
म्हणायची, बाबा, मी आपल्या गावाचं नाव सांगते
आणि लोक मला ट्रामचा नंबर सांगतात.

यंदा जग आलं.
जगाला उतरायला जागा पुरेना.
शेजारच्या वाल्दोमिरोनं बायकोपोरं सासूकडं धाडली,
खोली भाड्यानं दिली. खाट नव्हती, झोळी होती.
नॉर्वेचा एक उंच माणूस तिच्यात तीन रात्री
पाय बाहेर टाकून झोपला.
त्यानं असाईवर मध मागितला.
वाल्दोमिरोनं तळलेला मासा आणि मानिओकचं पीठ पुढं सरकवलं,
म्हणाला, आमच्याकडं हे जेवण आहे, खाऊ नाही.
चौथ्या दिवशी तो बोटं चाटत होता, जांभळ्या दातांनी हसत.
ही गोष्ट वाल्दोमिरो अजून सांगतो.
दर वेळी माणूस चार बोटं उंच होतो.

मला नगरपालिकेनं बोलावलं.
आमच्या नाल्याच्या कडेनं पत्रे उभारले होते, दोनशे मीटर.
त्यांवर 'स्वागत' लिहायचं. पाच भाषांत.
चिनी अक्षरातलं एक मला घरासारखं दिसलं,
दार रंगवणार होतो,
कागद धरून उभा असलेला पोरगा नको नको म्हणाला.
पैसे चांगले मिळाले. खोटं कशाला बोलू.
पत्र्यामागं नाला होता तसाच होता,
आणि नाकाला भाषा लागत नाही.

या गावाला नावं ठेवण्यात मी पहिला.
पाणी, दिवे, नगरसेवक, सगळ्यांना ठेवतो.
पण दुसऱ्यानं ठेवली की
ब्रश हातात तसाच, मी उठून उभा.

म्हणून ती माईकवाली बाई आली
आणि तिनं विचारलं, पत्र्यामागं काय आहे,
तेव्हा मुकादम डोळे मिचकावत होता, बाग म्हण, बाग.
मी म्हटलं, माझं जन्मठिकाण.
आणि एक पत्रा वाकवला.
फळ्यांवरची घरं, दोरीवरचे कपडे,
पाण्यात पाय सोडून बसलेली दोन पोरं.
त्यांनी हात केला. कॅमेऱ्याला नाही, मला.

रात्री ज्युसिलेनेचा फोन.
मेट्रोच्या पडद्यावर दाखवलं, बाबा.
तुम्ही दिसला नाहीत. शेपटी दिसली.
शेजारी उभ्या बाईला म्हटलं, हे माझं गाव.
ती म्हणाली, बेलेम ना.
एवढं सांगून पोरगी बराच वेळ काही बोलली नाही.
मीही नाही. मिनिटं जात राहिली, पैशांची.

जग गेलं. पत्रेही हळूहळू गेले.
वाल्दोमिरोच्या न्हाणीवर आता अर्धं स्वागत आहे,
कुठल्या भाषेतलं, त्याला ठाऊक नाही.
नाला आहे.

परवा एकानं नवी नाव ओढत आणली.
कोरी, अजून राळेचा वास.
काय लिहू, विचारलं.
म्हणाला, गावाचं.
एकोणचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
मी हात पुसले. पोट काढलं, सावली,
सावलीला निळी कड.
शेपटी या वेळी जरा लांब गेली,
पार सुकाणूपर्यंत.
जाऊ दिली.