फीडर बंद

मोहाच्या बुडाशी कुणीतरी पाला पेटवला,
फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून.
कुणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे
आणि कुणीच सांगत नाही.

दुपारी दोनला सबस्टेशनच्या खिडकीतून डोंगर दिसला.
वाटलं, पळस यंदा उशिरा फुललाय.
मग पळस चालायला लागला.

कुसळी गवत कमरेइतकं, वारा खालून वर.
वर दुधडी तांडा, एकेचाळीस घरं.
खाली धरण,
अर्धं भरलेलं, निवांत,
सगळा वणवा अंगावर घेऊन चमकत होतं.
त्या पाण्याच्या आणि त्या घरांच्या मधे
साडेसातची एक मोटार,
दोन इंची पाइप
आणि मी.

पहिला फोन वरून आला:
तारा लोंबल्यात, ठिणग्या पडतायत, लाइन बंद कर.
दुसरा सकरू राठोडचा:
साहेब, लाइन जाऊ देऊ नका, पाणी चढायलंय.
साहेब म्हणाला मला.
मी वायरमन, तोही कंत्राटी.

नियम पहिल्या फोनच्या बाजूला होता.
मी हँडल ओढलं.
खट्.
पाणी कुठवर चढलं होतं, ते नंतर कळलं:
शाळेच्या पायरीपर्यंत.

माणसं सगळी वाचली. हे आधी सांगतो,
कारण मीही आधी तेच विचारलं.
लिंबाच्या डहाळ्या, ओल्या गोधड्या, पोती,
जे हाताला लागलं त्यानं झोडपलं त्यांनी.
किनवटहून निघालेला बंब घाटात तापून थांबला.
एकोणीस घरं गेली.
दावणीला सात शेळ्या; दावं सोडायला गेलेल्या पोराचे तळवे.
झमकीबाईची पेटी, पेटीतला लग्नातला फेट्या.
त्यावरचे आरसे तेवढे उरले,
राखेत, काळे, उताणे.

तिसऱ्या दिवशी नवी तार घेऊन वर गेलो.
कुणी शिवी दिली नाही.
सकरूनं शिडी धरली.
खांबावर चढलो तर धरण आणखीच जवळ दिसलं,
हात घालावा इतकं.

उतरलो तेव्हा झमकीबाई उभी होती,
पदरात काहीतरी धरून.
मीटर. वितळून एका बाजूला ओघळलेला,
आकडे अडकलेले.
म्हणाली, रीडिंग घे. महिना भरलाय.

मी हातात घेतला.
अजून कोमट होता.
उन्हानं असेल.
उन्हानंच असेल.