दोरा

तारिहात, दुपारी, टेबलावर पसरलेली रेषा बावीस:
पिल्कोमायोच्या काठाने पूर्वेकडे गेलेली,
जमीन ठोकून ठोकून ऐकलेली.
खोली इथे सेकंदांत मोजतात,
हाक खाली जाऊन परतायला लागलेला वेळ.

झेनोबिया अरामायो हिरवी पेन्सिल जिभेला लावते,
एका थराचा माग धरते.
थर दोन सेकंदांपर्यंत शहाण्यासारखा येतो,
मग डोंगराखाली शिरतो
आणि पुढे नुसती पांढरी कुजबुज.
उभे थर हाकेला ओ देत नाहीत.

साहेबांनी तिथे एक घडी काढून ठेवलीय,
देखणी, गोल, कणसासारखी भरलेली.
ती शिवणाच्या डब्यातला दोरा घेते,
वळणावळणाने थरावर बसवते,
ओढून सरळ करते.
वरचा थर खालच्यापेक्षा चार बोटं तोकडा.
चार बोटं म्हणजे सात किलोमीटर दगड.
कुणी खाल्ला?

एलेउतेरिओ, काटेरी रानात केबल ओढणारा,
मातेचा घोट घेत सहज म्हणतो:
त्या घळीत लाटांच्या खुणा
दगडाच्या पोटाला होत्या, बाई.
मान मोडून बघाव्या लागल्या.

पोटाला!

खोडरबर. घडी कलते, कलंडते, पालथी पडते,
भ्रंश मऊ शेलमधून पूर्वेला निसटतो.
पुन्हा दोरा. पुन्हा ओढ.
आता नखभर कमी.

नखभर तिला चालतं.
तिथे ती तुटक रेषा मारते, शेजारी प्रश्नचिन्ह,
आणि हिरव्या जिभेने काहीतरी पुटपुटत
दोरा रिळाला गुंडाळू लागते.
थोडा गुंता होतोच.