धुईतला सौदा

पहाटे फाटक वाजलं तेव्हा
फाटक दिसत नव्हतं.
इलियासभाई बागवान, अंबडहून फटफटीवर,
मफलरमधून नाक तेवढं बाहेर,
आमच्या केशरचा मोहोर बघायला.

"झाडं किती?"
"गेल्या साली होती तेवढीच. मोजून घ्या."
दोघंही हसलो.
तिसऱ्या झाडापुढं जगच नव्हतं.

चार दिवस झाले, धुई उठत नाही.
पाऊस निदान आवाज करतो येताना.
ही रात्रीतून येऊन बसते
रुसलेल्या विहिणीसारखी,
चहा घेत नाही, जात नाही.
पानापानातून नुसतं टप्, टप्.
मधमाशी एक नाही.

इलियासभाईंनी तुरा धरला दोन बोटांत,
हलकेच झटकला तळहातावर.
पांढुरकं काही पडलं.
त्यांनी ते फुंकलं नाही,
बोटानं चोळलं. चिकट.
बराच वेळ खिसा चाचपत राहिले, उगाच.

वरची ओळ मी रात्रभर धुरात ठेवलेली,
ओलं पाचट, शेण्या, डोळ्यांची आग.
ती वाचली असेल.
ओढ्याकडची गेली असेल.
मी त्यांना वरच्या ओळीनं नेलं.

बांधावर बिब्बा.
त्याला ना ताण, ना फवारा, ना विमा.
खाली वाळून पडलेलं एक बिबफूल
इलियासभाईंनी उचललं, पुसलं, तोंडात टाकलं.
"याच्यावर नाही पडत का धुई?"
"पडते की. त्याला विचारतं कोण?"

दादा होते तेव्हा
रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा भाव.
मला तोंडानं सांगावा लागतो,
दरसाली अवघडतात बिचारे.
आज आकडा सहज बोलले.
त्यांचा चेहरा मला दिसला नाही,
माझा त्यांना.
केवढा मोठा रुमाल पसरला होता
आम्हा दोघांवर!

आकडा चांगला होता.
हो म्हणायला तोंड उघडलं, तर
भलतंच बाहेर पडलं:
"ओढ्याकडची बघायची राहिली, भाई."

ते थांबले. मग उतरले खाली.
आधी पाय गेले, मग मफलर, मग टोपी.
उरला फक्त आवाज, झाडं मोजणारा:
एकवीस... बावीस...
मी इथं उभी,
प्रत्येक आकड्यामागचा श्वास ऐकत.

सव्वीसला
ते खोकले.
सत्तावीस अजून आलेलं नाही.