आठवा रकाना

सावद्याच्या दवाखान्यात मंगळवारी
साखरेच्या पेशंटांची रांग असते
आणि माझ्यापुढे नऊ रकान्यांचं रजिस्टर.
आठवा रकाना : इतर औषधे.
तिथं वर्षभर मी एकच शब्द लिहीत आले,
नाही, नाही, नाही,
वाचायचीसुद्धा गरज नसलेला.

कौतिकबाई नेहेतेंना त्या दिवशी
दोघांनी धरून आणलं.
गच्चीवर बिबड्या घालताना हात थरथरले,
घाम फुटला, आणि त्या ओल्या बिबड्यांवरच बसल्या.
साखर बावन्न.

ग्लुकोज पाजलं. ओठांवर रंग आला.
गोळी दोनदा घेतली का?
"नई वं माय."
उपाशी होता?
"दादरची भाकर खाल्ली. अर्धी."
दुसरं काही औषध?
"नई."
दारातून सून म्हणाली,
"ते सकायचं सांगा ना, मेथ्यांचं."
कौतिकबाई माझ्याकडे बघत राहिल्या,
जणू मी विचारलं होतं, पाणी पिता का.
"मेथ्या काय औषद हायेत?
मिसळनाच्या डब्यातल्या हायेत त्या."

डब्यातल्या. जिऱ्याच्या शेजारच्या,
पिवळ्या, कोनेदार, दगडासारख्या.
कढीच्या फोडणीत चार उडाल्या तर कोण मोजतं?
पण ह्या रात्रभर भिजलेल्या,
आधी एक चमचा, गुण आला म्हणून दोन, मग तीन,
त्याच बुळबुळीत पाण्याबरोबर गोळी,
आणि पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून भाकर अर्धी.
कडू असतात, पण लबाड नसतात त्या.
साखर उतरवतात. गोळीही उतरवते.
दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता,
मला तर कुणाचाच नव्हता.

"मंग सोडून देऊ?"
पाच लेकींची बाळंतपणं मेथीच्या लाडवांवर काढलेली,
आणि दिवस गेलेल्या सुनेला मात्र
तेच लाडू हाताला लागू न देणारी ही बाई.
तिला मी मेथी काय शिकवणार?
म्हटलं, भाजी खा, फोडणीत घाला.
चमच्यानं घ्यायची तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला,
गोळीचं माप त्यांना ठरवू द्या.

आठव्यातलं 'नाही' खोडलं.
'मेथ्या, ३ चमचे, भिजवून' लिहिलं
ते नवव्या रकान्यात घुसलं.

पुढच्या मंगळवारी प्रश्न बदलला :
सकाळी उठल्यावर तोंडात काय काय टाकता?
रांग हसली.
मग एकेक जण बोलायला लागलं,
कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड,
निंबाचा पाला, यात्रेतली नाव नसलेली एक पुडी.
रजिस्टरला टाचणीनं जास्तीचा कागद जोडला.

बिबड्यांचं पुढं काय झालं
तेवढं विचारायचं राहिलं.