उंचीची काठी

मंगोचीच्या शाळेत अकराच्या उन्हात
अजिदा आधी मुलांना पळवते.
आंब्यापर्यंत जा, खोडाला शिवा, परत या.
पळून आलं की तळाशी बसलेलं वर येतं, म्हणते,
मग प्रत्येकाच्या हातात एक डबी
आणि भिंतीमागे रांग.

डब्या परत येतात. पिवळ्या, फिकट, कोऱ्या चहासारख्या,
आणि एक अंबाडीच्या बोंडांच्या सरबताची.
ती मौलिदीची. तो ती डोक्यावर धरून आणतो.
भावाने सांगितलंय त्याला,
लाल झाली की समज, पुरुष झालास.

भिंगाखाली अंडं:
काकडीच्या बीसारखं, टोकाला काटा.
अजिदा अंगठ्याने यंत्र दाबत मोजते.
त्रेपन्नाला थांबते, चष्मा पुसते, पुन्हा पहिल्यापासून.

मग फळ्याकडे वळते.
हा चपटा का, सांगा. कुणालाच येत नाही.
याला फुप्फुस नाही, रक्त नाही,
रक्त फिरवायला नळ्या नाहीत.
हवा कातडीतूनच झिरपायची,
तर कातडीपासून लांब राहून आतल्या कुणाचं भागायचं नाही.
म्हणून हा असा, इस्त्री फिरवल्यासारखा.
एक तोंड आहे. दुसरं दार नाही.
खाऊन उरलं ते आल्या वाटेनेच बाहेर.

तोंडातूनच?
वर्ग बाकांवर आडवा झाला.
त्या दिवसापासून मुख्याध्यापक जफालींचं नाव
पोरांत चपटे सर.

झोम्ब्याला शिकत होती तेव्हा
ओढ्यातल्या दगडाखालचा एक तिने ब्लेडने कापला होता.
याच कुळातला, पण कुणाच्या अंगात न राहणारा,
करडा, तिरळा, स्वतःच्या पोटावर सरकणारा.
पंधरा दिवसांत शेपटीला डोकं फुटलं
आणि तेही तिरळंच बघू लागलं तिच्याकडे.
तिने दोघांना उकडलेल्या अंड्याचा बलक घातला.

तळ्यातला हा तसा नाही.
हा गोगलगायीतून निघतो भर दुपारी,
दुभंगल्या शेपटीने पोहत,
पोटरीत शिरतो, शेपूट पाण्यातच टाकून.
हृदय, फुप्फुस, यकृत अशी वाट चालून
यकृतात जोडीदार शोधतो.
नर आपल्या चपट्या देहाच्या कडा वळवून पन्हळ करतो,
दोऱ्याएवढी मादी त्या पन्हळीत.
तिथेच वर्षानुवर्षं. मूत्राशयाच्या शिरेत, अंधारात.
नर न मिळालेली मादी पूर्ण वाढतच नाही.

हा शेवटचा भाग अजिदा मुलांना सांगत नाही.
ट्वायबू सहा वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला गेला.
पहिल्या ईदला पैसे आले, दुसरीला फोन.
ती तर वाढली आहे चांगली.
साडेचार हजार अंडी मोजलीत तिने या वर्षी.

गोगलगायी खाणारे मासे होते पूर्वी,
काळे, जाड ओठांचे; बापाच्या जाळ्यात यायचे.
मग हिवतापासाठी मच्छरदाण्या वाटल्या,
आणि गावाने त्या तळ्यात ओढल्या.
डास राहिले. मासे गेले.

आता काठी.
लाकडी, रंगवलेले पट्टे, भिंतीला टेकवलेली.
जितका उंच, तितक्या गोळ्या.
शहाणी पोरं गुडघे वाकवतात.
मौलिदी टाचा उचलतो.
अजिदा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जमिनीवर आणते.
अडीच.
आधी शिमा खाल्लास का? हो.
कडू आहे, चावू नकोस.

गिळून झाल्यावर तो विचारतो,
मग मी आता पुरुष नाही?
जीभ दाखव, ती म्हणते.

तीन वाजता शाळेचा हातपंप हलवून बघते.
खडखडतो नुसता, जूनपासून.
बादली घेऊन तळ्यावर जाते,
कोरड्या दगडावर उभी राहून, हात लांब करून,
पाय भिजू न देता भरते.
खाली उथळ पाण्यात, गवताशी,
मौलिदी आणि अजून सहा-सात जण.
तिला बघून तो कंबरेपर्यंत वर उसळतो,
दोन्ही हात हलवतो.
बादली भरलेली. हलवायला तिचा एकही हात मोकळा नाही.