मापांची वही

छाती चौतीस, कंबर तीस,
बाही नऊ, दंड साडेअकरा,
मागचा गळा खोल नको.
डावा खांदा अर्धा इंच खाली.
हे मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, बारीक अक्षरात.
गिऱ्हाइकाला असलं काही सांगायचं नसतं.

सबइन्स्पेक्टर गोडांबे वही उलटीपालटी करतात.
कुंदा तोडणकर, तिसरा मजला, कन्नमवार नगर, विक्रोळी.
पंधरा दिवस झाले.
खाडीत होडी घालून झाली,
तिवरांत कुत्रा सोडून झाला,
मोरीतल्या नव्या लाद्या उचकटल्या,
खाली नुसतं ओलं सिमेंट.
नवरा म्हणतो, गेली असेल माहेरी.
माहेरी कोण आहे?
आचऱ्याला एक बंद घर आणि दारातला फणस.

"बॉडी नाही," बाई म्हणतात,
"बॉडी नाही तोवर साहेब फाईल उघडतात नि मिटतात."
मी टेप बोटाभोवती गुंडाळत राहते.
बाई, ती आहे की इथं,
पान एकशे बारावर,
श्वास सोडून उभी राहा म्हटलं की
हमखास श्वास धरणारी.

मग त्या विचारतात,
ह्याच्यावर काट कुणी मारली?

मीच.
तो आला होता पावती घेऊन.
राहू दे ब्लाऊज, वहिनी,
तिला आता लागणार नाही.
शंभर ॲडव्हान्स दिलेत, तेवढे परत द्या.
मी दिले. 'रद्द' लिहिलं, तारीख टाकली,
सवयच आहे तशी:
गुरुवार, सोळा.

पोलिसांत तो गेला शनिवारी.
शुक्रवारी संध्याकाळपासून घरी नाही म्हणाला,
फोटो दिला, रडलासुद्धा म्हणे.

बाईंचं पेन थांबतं.
शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा
तेवढा फिरत राहतो.

मी त्या गुरुवारी सुट्टे पैसे मोजत होते.
लागणार नाही, म्हणाला तो,
आणि मी वर विचारलं,
"का हो, जाड झाली का?"
आणि हसले.
तोही हसला.

वही एक, निळ्या पुठ्ठ्याची.
पावतीपुस्तक एक.
दोन पंचांच्या सह्या, लाखेचा वास.
कापड नको म्हणाला हवालदार,
मुद्देमालात कशाला चिंध्या.
चिंध्या नव्हत्या त्या. मोरपंखी खण होता,
तो यायच्या आदल्या दिवशीच बेतलेला.
हे त्याला मी बोलले नव्हते.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी शिवायला बसले.
वही नव्हती समोर, पण हाताला ठाऊक होतं
डाव्या खांद्यावर कुठं थांबायचं.

उद्या कोर्टात त्याचा वकील विचारेल,
आणि ती जिवंत असली तर?
असू दे.
तिच्याच मापाचं आहे.

दर वेळी जाताना उंबऱ्यातून म्हणायची,
आत माया सोड गं थोडी जास्त,
पुढंमागं उसवायला लागलं तर.
दोन्ही कुशींना दीड-दीड इंच सोडली आहे.

हूक लावायचे राहिलेत.